लोखंड पाणी पीत नाही

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचं मला कधीच जमलं नाही, हे आधीच सांगून टाकते. चौथीनंतर शाळा सुटली. त्यानंतर पेन हातात आलं ते किराणा लिहायला, नाहीतर बचत गटात सही करायला. हे मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. तरी कुणाच्या हाती लागलंच, तर चुका पोटात घालाव्या आणि जिथं अक्षर लागणार नाही तिथं अंदाजानं वाचावं.

लिहावंसं वाटलं ते धुळीमुळे. आज सकाळी अंगणात पालथ्या घातलेल्या भांड्यांवर पिवळसर भुकटी बसली होती. बोट फिरवलं तर रेघ उमटली. सोयाबीनचं कुटार, मळणीचा भुसा. म्हणजे शिवारात थ्रेशर निघाले. दसऱ्याच्या आगेमागे डोणगावची हवाच बदलते. वाळलेल्या शेंगांचा वास, डिझेलचा वास, आणि आमच्या घरापुरता जळालेल्या लोखंडाचा. रस्त्याच्या कडेला आमचं वेल्डिंगचं दुकान आणि त्याच्या पाठीला लागून घर. मध्ये एक टिनाची भिंत. लग्न होऊन आले तेव्हापासून अर्धा संसार मी त्या टिनातून ऐकला आहे.

वेल्डिंग डोळ्यांनी पाहू नये, असं आल्याबरोबर मला सांगितलं होतं. एकदा पाहिलं. रात्रभर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं, बटाट्याच्या चकत्या ठेवून पडून राहिले. तेव्हापासून कानांनीच पाहते. काम नीट चाललं असेल तर आवाज एकसारखा येतो, कढईत भजी टाकल्यावर येतो तसा. तेल कमी तापलं की भजी जशी गप्प पडतात तसा आवाज बसला, की समजावं लोखंड लोखंडाला धरत नाही. आणि फट्, फट्, थांबून पुन्हा फट् असं व्हायला लागलं, की चुलीपुढं बसल्या बसल्या माझा हात भाकरीवर थांबायचा. आता हे रागावणार, हे मला यांच्याआधी कळायचं.

त्या वेळची आमची मशीन तेलातली होती, म्हणजे आतली तार तेलात बुडवलेली. धान्याच्या कोठीएवढी, चार चाकांवरची, निळ्या रंगाची. सासरे, म्हणजे मामाजी, तिला पोरगी म्हणायचे. त्यांना मुलगी नव्हती. दुकान त्यांनीच टाकलं. डोळे कमजोर झाल्यावर वेल्डिंगची काळी काच मुलाच्या, म्हणजे यांच्या हाती दिली आणि स्वतः दारात खाट टाकून बसले. कुणी विचारलं, "काय मामा, धंदा कसा हाय?" तर म्हणायचे, "पोरगी कमावते, पोरगा खाते, मी राखण करतो."

पावसाळा सरता सरता वेल्डिंगचे रॉड ओलसर होतात. ओला रॉड ठिणग्या उडवतो आणि सांधा पोकळ करतो. म्हणून भाकरी झाल्यावर तव्यावर मी रॉड शेकायची. भाकरीसारखेच उलटून पालटून. आत्ता लिहितानाही तो वास नाकात येतो, गरम पिठाचा आणि त्यात मिसळलेला मातीसारखा, चुन्यासारखा. शेजारणी हसायच्या. "हिचा नवरा रॉड खाते का वं?" म्हणायच्या. मला त्या कामाचा मनातून अभिमान होता. सांधा पक्का बसला की त्यात माझ्या तव्याची ऊब आहे असं वाटायचं. कधी कुणाला बोलले नाही.

मला ज्या हंगामाची आठवण येते, त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात मशीन जळाली होती. आतली तार, वाइंडिंग, पुरी गेली. माझं माहेर नांदुऱ्याचं, तिथले तुळशीरामभाऊ वाइंडिंगचं काम करतात. त्यांच्याकडून सगळी तार नवी भरून घेतली, केबलही नवी तांब्याची घेतली. पैसा कुठून आणणार? यांच्या नावावर कुणी देईना. तेव्हा आमच्या बायकांच्या बचत गटातून कर्ज निघालं, माझ्या नावावर.

गटाची बैठक कांताबाईंच्या अंगणात भरते. कांताबाई आमच्या अध्यक्ष. तोंडानं तिखट, हिशोबानं त्याहून तिखट. मी सही केली तेव्हा त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हे बाई तं कधी तोंड उघडत नाही. उद्या हप्ता चुकला तं आमाले सांगीन तरी का?" बायका हसल्या. मीही पदर तोंडाला लावून हसले. मग त्या हसायचं थांबून म्हणाल्या, "एकीचा चुकला तं साऱ्याइले भरा लागते, ध्यानात ठेव वं बाई." समोर बसलेल्या बायकांकडे मी पाहिलं. कुणी निंदणाला जाणारी, कुणी शिवणकाम करणारी, एक तर माझ्यासारखीच गप्प. मशीन चालली तर हप्ता जाणार. मशीन बसली तर माझं ओझं यांच्या डोक्यावर. त्या दिवसापासून टिनाच्या भिंतीला माझा कान जास्तच लागून राहिला.

खंडेनवमी आली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. हातोड्या, पाने, कानस, सगळं धुऊनपुसून मांडायचं. मशीनला झेंडूचा हार, तिच्या पितळी बोल्टांना ओलं हळदकुंकू. आणि मग मामाजी मशीनच्या लोखंडी कोपऱ्यावरच नारळ फोडायचे. दगडावर नाही, जमिनीवर नाही, मशीनवरच. एका फटक्यात फुटलं पाहिजे, आणि पाणी मशीनच्या तोंडावरून खाली ओघळलं पाहिजे. "पोरीनं पाणी घेतलं," असं म्हणून हात जोडायचे. त्या वर्षी नवी तार, नवी केबल, म्हणून नारळही मोठं आणलं होतं. पाणी भरपूर निघालं. सगळ्यांना शुभ वाटलं.

मशीनचं तोंड म्हणजे काय, ते सांगायला हवं. समोरच्या बाजूला जाड पितळी बोल्ट असतात. एकाला हातात धरायच्या होल्डरची केबल, एकाला अर्थिंगची. केबलच्या टोकाला तांब्याची चपटी टोपी बसवतात, तिला थिंबल म्हणतात. ती बोल्टात घालून वरून नट कसायचा. विजेचा सगळा जोर त्या थिंबलीतून जातो. एवढी मोठी मशीन, एवढी लांब केबल, आणि मध्ये बोटाएवढी वस्तू.

दसरा झाला आणि थ्रेशरांची रांग लागली. कुणाच्या ड्रमचे दात तुटलेले, कुणाची चाळणी फाटलेली. रस्त्यावर ट्रॅक्टर उभे, चहावाला फेऱ्या मारतोय, मामाजी खाटेवरून एकेकाची चौकशी करताहेत. मला तो गलका आवडायचा. मी आत असायची, पण गर्दी आपली आहे असं वाटायचं. हे पाणी प्यायला आत आले की कपाळावर काळ्या काचेचा वळ, मिशीत लोखंडाची पूड. बोलायला वेळ नसायचा. तांब्या रिकामा करून माझ्याकडे एकदा पाहायचे आणि जायचे. तेवढं पुरायचं.

आणि मग आवाज बसायला लागला.

आधी वाटलं लाईट डिम आहे. मग वाटलं रॉड ओले. मी तव्यावर दुप्पट वेळ शेकले. सुलतानपूरचे नामदेवभाऊ गावोगावी थ्रेशर घेऊन फिरायचे. त्यांच्या ड्रमचा दात सकाळी जोडून दिला आणि दुपारी ते तसेच परत. दुकानाच्या बाहेरूनच ओरडले, "काय राजेहो, वेल्डिंग केली का गोंद लावला?"

"रॉड ओलसर असन, भाऊ," हे म्हणाले.

"कायचा ओलसर! तुमच्या घरात तं रॉड भाकरीवानी भाजते म्हणते!"

लोक हसले. टिनाच्या अलीकडे माझा चेहरा गरम झाला.

"हसू नका बे," नामदेवभाऊ त्यांच्यावरच उलटले. "तिकडं सोंगलेल्या सोयाबीनची सुडी उघडी पडली. आभाळ भरून येऊन राह्यलं. शेतवाला डोक्याले हात लावून बसला, आन् मी इथं रोडवर!"

यांनी पुन्हा जोडायला घेतलं. फट्, फट्. थांबले. पुन्हा फट्. मग रबर जळाल्याचा वास आला आणि कुणीतरी ओरडलं, "बंद करा, बंद करा!" थिंबल जळून केबल बोल्टापासून खाली पडली होती. कुणाला काही झालं नाही. पण नामदेवभाऊ ट्रॅक्टरवर चढले आणि मेहकरच्या दुकानाकडे गेले. त्यांच्यामागे बाकीचेही एकेक. रस्ता रिकामा झाला. दुकान भरलेलं असताना जे ऐकू यायचं नाही, ते तेव्हा ऐकू आलं. मामाजींच्या खाटेची करकर, मशीनवरच्या सुकलेल्या हाराची वाऱ्यानं होणारी सळसळ.

"नांदुऱ्यावाल्यानं फसवलं," हे म्हणाले. "तार खराब भरली त्यानं."

मी हप्त्याचा विचार करत होते. खरं म्हणजे हप्त्याचाही नाही, कांताबाईंच्या अंगणातल्या त्या माझ्यासारख्या गप्प बाईचा.

दुसऱ्या दिवशी मी देवघरातली भांडी घासायला काढली. दिवाळी जवळ आली होती, आणि हाताला काम असलं की मला बरं वाटतं. चिंच आणि राख घेऊन बसले. पूजेचं ताम्हण पाहिलं तर तळाशी हिरवं. खंडेनवमीला त्यात नारळाचं उरलेलं पाणी तीर्थ म्हणून ठेवलं होतं, ते तसंच राहून वाळलं होतं. तांब्या-पितळेला ओल आणि आंबट-गोड लागलं की ते कळकतं, हे कुठल्याही बाईला ठाऊक असतं. मी चिंच लावली, घासलं, हिरवं सुटलं, खालून लाल तांबं निघालं. आणि तिथंच, अंगणाच्या कडेला, यांनी फेकलेली जळकी थिंबल पडली होती. उचलून पाहिली. एक बाजू काळी, आणि जिथं ती बोल्टाला टेकत होती तिथं तेच हिरवं. ताम्हणातलंच.

मी कितीतरी वेळ दोन्ही हातांत दोन्ही घेऊन बसले. समजलं होतं, पण बोलायचं कसं? नारळ मामाजींचं. मशीन मामाजींची. मी त्यांच्यासमोर दाराआडूनच बोलायची. पूजेच्या पाण्यानं मशीन जळाली, असं सुनेनं म्हणायचं? थिंबल मी पदराच्या टोकाला बांधून ठेवली.

मशीन पिकअपमध्ये घालून हे नांदुऱ्याला निघाले. माहेर आहे म्हणून मीही गेले. तुळशीरामभाऊंचं दुकान रेल्वेच्या जवळ. हे उतरले ते भांडणाच्या तयारीनंच.

"काय तार भरली तुमी? सिजन सुरू होत नाही तं बसली!"

"पयले चहा घ्या," तुळशीरामभाऊ म्हणाले. "मंग भांडू."

हे आणखी काही बोलणार, तेवढ्यात मालगाडी आली. लांबच लांब. दोघं तोंड उघडं ठेवून समोरासमोर उभे, एकाचं एकाला ऐकू येईना. डबे संपेपर्यंत चहा आला होता आणि यांचा राग अर्धा उतरला होता. तुळशीरामभाऊंनी मशीन उघडली, बल्ब लावून तार तपासली. "वाइंडिंग ठणठणीत हाय," म्हणाले. "तुमची खोट भायेर हाय, अंदर नाही."

मी पदराची गाठ सोडली. थिंबल यांच्या हातात दिली, यांनी तुळशीरामभाऊंच्या. ती उजेडात धरून ते म्हणाले, "हे हिरवं कुठून आलं? टिन गळते का तुमचं?"

"नाही," हे म्हणाले.

पिकअपच्या चाकाकडे पाहत मी म्हणाले, "नारळाचं."

"काय म्हणे, ताई?"

"खंडेनवमीचं नारळ. मामाजी मशीनवरच फोडते ना."

हे माझ्याकडे पाहत राहिले. तुळशीरामभाऊंनी हळूच मान वळवली. त्यांच्या दुकानातही कोपऱ्यात एक वेल्डिंग मशीन होती, तिच्यावर सुकलेला झेंडू अजून लोंबत होता. ते तिच्यापाशी गेले, वाकून बोल्टाकडे पाहिलं, आणि कपाळावर हात मारला. "अबे हाव! मीबी तं इथंच फोडलं!" मग असे हसले की चहाचा ग्लास हिंदकळला. "आमच्या गल्लीत सारेच फोडते. आन् दिवाळीच्या टायमाले सारेच मह्याकडे येते, मशीन गरम होते म्हणून. मले वाटे सिजनचा लोड हाय."

पण ते म्हणाले, एकट्या नारळाचं हे काम नाही. थिंबलीत केबल कथील ओतून बसवली होती. जोड तापली की कथील मऊ होतं, केबल ढिली पडते, ढिली पडली की आणखी तापते. नटाखाली स्प्रिंगचा वॉशर नव्हता, तापून-थंडावून नट आपोआप सैलावत होता. त्यात हे पाणी. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. त्यांनी बोल्ट कानशीनं घासून चकचकीत केले. नवी थिंबल दाबून बसवली, कथील नाही. स्प्रिंग वॉशर घातला, वरून ग्रीस लावलं, आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा पदरासारखा बोल्टांवर सोडला. "आठवड्यातून एकडाव नट कसत जा," म्हणाले. पैसे घेतले ते फक्त सामानाचे.

येताना खामगाव मागे पडल्यावर हे म्हणाले, "बाबाले काय सांगायचं?" घरी आल्यावर यांनी मामाजींना सांगितलं, वॉशर नव्हता म्हणून जळाली.

मामाजींनी ट्यूबचा तुकडा उचलून पाहिला. "आन् हिरवं कायचं होतं?" त्यांनी विचारलं.

त्यांनीही ते पाहिलं होतं. आमच्या आधी पाहिलं होतं की काय, कोण जाणे. हे पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागले. दाराआडून मीच म्हणाले, "नारळाचं पाणी होतं, मामाजी."

ते खाटेवर बसले. बराच वेळ तळहात गुडघ्यांवर घासत राहिले. मग माझ्याशी बोलले की स्वतःशी, कळलं नाही. "माह्या बापाची बैलगाडी होती. तो खंडेनवमीले चाकावर नारळ फोडे. चाक लाकडाचं होतं, पिऊन घे पाणी. म्या पाहात मोठा झालो. मंग दुकान टाकलं, तं मशीनवर फोडलं. मले काऊन सुचलं नाही, लोखंड पाणी पीत नाही?"

त्या बोलण्यात राग नव्हता. एखादं माणूस दूरच्या गावाहून येऊन घर बदललेलं पाहतं, तसा आवाज होता. मी दाराआडून पुढं आले आणि पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात दिला. पहिल्यांदा समोरून.

पुढचे दिवस आठवले की अजून हसू येतं. मामाजींनी नटाचं काम स्वतःकडे घेतलं. सोमवार आला की पाना घेऊन मशीनसमोर उकिडवे. आणि रोज काम थांबलं, लाईट बंद केली, की मला हाक. "बाई, पोरीले ताप हाय का पाह्य!" मी जायची, थिंबलीवर उलटा हात ठेवायची, लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा. कोमट असलं तर ठीक. हात ठेववेना इतकं गरम असलं तर लगेच खोलून घासायचं, जळायची वाट पाहायची नाही. "नाही जी, ताप नाही," मी म्हणायची. "मंग जेवू द्या पोराले," ते म्हणायचे. दुकानात उभी असलेली गिऱ्हाइकं आधी चक्रावायची, मग तीही विचारायला लागली. मेहकरला गेलेले नामदेवभाऊ दिवाळीनंतर तुरीच्या वेळी परत आले आणि उतरल्या उतरल्या म्हणाले, "पोरीची तबेत बरी हाय ना, मामा? मंगच दाखोतो थ्रेशर."

पुढच्या खंडेनवमीला मामाजींनी मशीनसमोर एक दगड ठेवला, त्याच्यावर नारळ फोडलं आणि पाणी वाटीत धरलं. मशीनला फक्त कोरडं कुंकू. हात जोडले, तेव्हा ओठ हलत होते. काय म्हणाले ते रस्त्यावरच्या गाड्यांच्या आवाजात ऐकू आलं नाही.

आता मामाजी नाहीत. खाटही नाही. ती निळी मशीन भंगारात गेली. आता दोन नव्या आहेत, पिशवीसारख्या उचलून नेता येणाऱ्या. त्या फार कुरकुरत नाहीत. त्यांचा ताप कुणी पाहत नाही, मशीनवरच्या काट्यावरच दिसतो म्हणे. तरी मी सांज झाली की एकदा जाऊन हात ठेवून येते. हे हसतात. मला वाटतं, मोठी वस्तू सहसा मोडत नाही. जळतो तो सांधा, जिथं एक दुसऱ्याला नुसतं टेकलेलं असतं. घरातही तसंच पाहिलं. सासू-सून, भाऊ-भाऊ, सारं आतून ठणठणीत असतं, आणि कुठंतरी एक नट सैलावलेला असतो. वेळेवर हात लावला तर कोमट लागतो. मी फार कमी बोलले आयुष्यात, पण हात लावत राहिले.

कर्जाचं सांगायचं राहिलं. त्या नव्या थिंबलीनं पुरा एक हंगाम काढला, आणि त्याच्या पुढचाही. हप्ता एकदाही चुकला नाही. शेवटचा हप्ता मी दुसऱ्या वर्षीच्या सोयाबीनमध्येच, सोंगणी भर रंगात असताना नेला. अशीच धूळ होती, कांताबाईंच्या तुळशीची पानंसुद्धा पिवळी दिसत होती. बायका आपापल्या कामावरून तशाच आलेल्या, कुणाच्या डोक्याला अजून फडकं. कांताबाईंनी नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "हिचं खातं नील झालं. तोंड उघडत नाही, पण पाहा वं, हप्ता चुकू देला नाही." ती दुसरी गप्प बाई माझ्या शेजारी बसली होती. तिनं माझा हात नुसता दाबला.

घरी आले तर दुकानापुढं ट्रॅक्टर उभे, मामाजी खाटेवर, आणि यांचं काम भर जोरात. तिकडून हाताखालच्या पोराचा ग्राइंडर, इकडून वेल्डिंग. मामाजींनी हातानं विचारलं, काय झालं? मी सांगितलं. ऐकू गेलं नाही. त्यांनी कानाला हात लावला. मी आणखी थोडं मोठ्यानं बोलले. तरी नाही. मग काय झालं मला, पदर सावरला आणि रस्त्यावरच्या सगळ्या माणसांसमोर ओरडले, "फिटले, मामाजी! सारे पैसे फिटले!"

ग्राइंडर थांबला. ट्रॅक्टरवाले वळून पाहायला लागले. यांनी काळी काच वर केली, माझ्याकडे पाहिलं, मामाजींकडे पाहिलं. थ्रेशर खोळंबला होता. काच पुन्हा खाली आली, आणि एकसारखा आवाज सुरू झाला.